लाज काढायची, पण इटालियनमधून: पार्ल्यातल्या शनिवारच्या वर्गाचा रिव्ह्यू

आधी पैशाचं बोलून घेऊ, कारण व्हॉट्सॲपवर सगळे तेच विचारतात. फी 9,000 रुपये, एकरकमी. त्यात झेरॉक्स नोट्स आल्या, चहा आला. वडापाव ज्याचा त्याने आणायचा. जागा विलेपार्ले पूर्वेला, दुसरा मजला, लिफ्ट नाही. वेळ शनिवारी दुपारी चार ते साडेसहा. ती कागदावरची. बाई सात वाजल्याशिवाय कोणाला उठू देत नाहीत, तेव्हा सातच्या आत कुठे पोचायचं असेल तर तसं आधीच सांगून ठेवा. बाईंचं नाव इथे मुद्दाम देत नाही. आहेत तेच विद्यार्थी झेपत नाहीत, नाव-नंबर कुठे टाकू नका, असं त्यांनीच बजावलंय.

'चाओ' आणि 'ग्रात्सिए'पासून सुरुवात करायची असेल तर हा वर्ग तुमच्यासाठी नाही. इथे ज्यांचं पोट थोडंफार इटालियनवर आहे तेच येतात. आमच्या बॅचमध्ये एक सबटायटल्स करणारी मुलगी होती, चामड्याच्या बॅगा मिलानला पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याचा पत्रव्यवहार बघणारे एक काका होते, आर्किटेक्चर शिकायला तिकडे निघालेला एक मुलगा होता, आणि आम्ही दोघी मालाडच्या एका ऑफिसातल्या. आमचं काम म्हणजे दिवसभर इटालियन कमेंट वाचायच्या आणि ठेवायची की काढायची ते ठरवायचं. नियमावली इंग्रजीत, कमेंट इटालियनमध्ये, आणि मधल्यामध्ये आम्ही डोकं धरून बसलेल्या.

दर दोन-तीन शनिवारांना बाई क्रियापदांचं एक कुटुंब घेतात. माफी मागण्याची क्रियापदं झाली, पैसे देण्याघेण्याची झाली, जेवणाची झाली. ते सगळं व्यवस्थित आहे, त्यावर फार लिहीत नाही. मी पैसे मोजले होते ते लाजेच्या शनिवारांसाठी, आणि ते पैसे वसूल झाले.

अडचण काय होती ते सांगते. आमच्या नियमावलीत 'शेम' हे एकच क्रियापद सगळीकडे पेरलेलं आहे. एखाद्याला शेम करणारी कमेंट काढा, बस्स. आता सासूने सुनेच्या वजनावरून बोललेलं वाक्यही शेम, गावच्या नगराध्यक्षाचा घोटाळा नावानिशी लिहिला तेही शेम, आणि मास्तरांनी पोराला वर्गात उभं केलं तेही शेम. इंग्रजीचं काम एका शब्दात भागतं. इटालियनचं भागत नाही. समोरची कमेंट यातल्या कोणत्या खणात घालायची यावरून टीममध्ये रोज वाद.

बाईंनी पहिल्याच दिवशी फळ्यावर 'शेम' लिहून त्यावर फुली मारली. म्हणाल्या, "इंग्रजी शब्दाला इटालियन शब्द शोधत बसू नका. आधी मला मराठीत सांगा, नक्की काय केलं त्या माणसाने?" मग काय, बांध फुटला. हिणवलं, लाजवलं, पाणउतारा केला, टर उडवली, शोभा केली, अब्रू काढली, वाभाडे काढले, उद्धार केला, तोंडाला काळं फासलं, धिंड काढली. बॅगांवाले काका एरवी गप्प बसतात, त्यांनी एकट्याने पाच-सहा सांगितले. फळा भरला. मग बाईंनी एकेका शब्दाला दोनच प्रश्न विचारायला लावले: बघायला कोणी लागतं का, आणि जे बोललं ते खरं असावं लागतं का? हिणवायला माणसं लागत नाहीत, ते स्वयंपाकघरात दोघींतही होतं. शोभा करायला चारचौघं हवेतच. वाभाडे काढायला समोरच्याचं काहीतरी चुकलेलं असावं लागतं, टर उडवायला काहीच लागत नाही. हे झाल्यावर इटालियन शब्द आले, तेव्हा प्रत्येकाला बसायला जागा तयार होती. या वर्गाची खरी करामत ती हीच. बाकीचे मुंबईतले शिक्षक इटालियन इंग्रजीतून शिकवतात. या मराठीतून शिकवतात, आणि या बाबतीत मराठीची श्रीमंती इंग्रजीला झेपणारी नाही.

पहिला शब्द आला 'झ्वेर्गोन्यारे'. लिहिताना सुरुवातीला 'स' असतो, पण पुढे 'व' आल्याने उच्चार झबल्यातल्या 'झ'सारखा होतो. मुळात 'वेर्गोन्या' म्हणजे लाज. इटालियनमध्ये हा पुढचा 'स' पुष्कळदा काढून टाकण्याचं काम करतो: 'बोत्तोने' म्हणजे बटण, 'झ्बोत्तोनारे' म्हणजे बटण काढणं. म्हणून 'झ्वेर्गोन्यारे' म्हणजे लाज काढणं, असं लक्षात ठेवा म्हणाल्या. व्युत्पत्ती म्हणून वहीत लिहू नका, नुसतं डोक्यात ठेवा. शब्दाचा अर्थ मात्र नेमका आहे: कोणाची तरी खरीखुरी भानगड लोकांसमोर उघडी करून त्याची मान खाली घालायला लावणं. नगराध्यक्षाच्या घोटाळ्याची कमेंट इथे बसते. सुनेच्या वजनाची नाही.

याच शब्दात एक सापळा आहे आणि तो दाखवल्याबद्दल मी बाईंना फीच्या वर एक चहा पाजला. 'लो आन्नो झ्वेर्गोन्यातो' म्हणजे 'त्याची लाज काढली'. पण नुसतंच 'ऊनो झ्वेर्गोन्यातो' म्हटलं तर तो निर्लज्ज माणूस! रूप तेच. पहिल्यात त्याच्यावर काहीतरी झालंय, दुसऱ्यात शिवी दिलीय. ऑफिसात तपासायला येणाऱ्या कमेंटच्या आमच्या रांगेत ही दोन्ही वाक्यं रोज येतात आणि आपोआप भाषांतर करून देणारं जे यंत्र ऑफिसने दिलंय ते दोन्हींना एकच रंग लावतं.

दुसरा 'फार वेर्गोन्यारे'. यातल्या 'फार'चा आपल्या 'फार'शी संबंध नाही; ते 'करायला लावणं'. शब्दशः बघाल तर 'लाजायला लावणं', म्हणजे इंग्रजी 'शेम'ला चपखल वाटेल. पण इटालियन आई पोराला सुपरमार्केटात ओरडते, 'मी फाई वेर्गोन्यारे!', तेव्हा लाजलेली असते ती आई. "लाज आणलीस मेल्या मला!" बाईंनी हे वाक्य असं म्हणून दाखवलं की खालच्या मजल्यावरच्या आजी दार उघडून बघायला आल्या. लाज आपल्यावर येते ती आपल्याच माणसामुळे, हे मराठी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. सबटायटलवाली मुलगी म्हणाली, माझ्या आईचंच वाक्य आहे हे.

वजनाचं उदाहरण बराच वेळ चाललं, कारण तिथे प्रत्येकाला काहीतरी बोलायचं होतं. 'सासूने माझ्या वजनावरून मला शेम केलं' याला इटालियनमध्ये एक शब्दच नाही. चेष्टा केली असेल तर 'प्रेन्देरे इन जीरो'. मनाला लागेल असं चारचौघांत बोलली असेल तर 'उमिलियारे'. पण सासवा एवढं थेट कुठे बोलतात? त्या 'तुला दुसरी पोळी वाढू का, की नको?' असं विचारतात. त्याला इटालियन म्हणतात 'फ्रेच्चातीना' सोडणं, म्हणजे छोटासा बाण. आपला टोमणा. टोमणा मारतात, फ्रेच्चातीना सोडतात, लागायचं तिथे दोन्ही लागतात. आणि आजची इटालियन पोरं यातलं काहीच म्हणत नाहीत, सरळ इंग्रजी उचलून 'बॉडी शेमिंग करते' म्हणतात. बाईंना हे अजिबात पटत नाही. पण भाषा त्यांच्या मर्जीने चालत नाही, आणि इथे मला त्यांच्याशी भांडावं लागलं, त्याबद्दल पुढे.

मग गोन्या आणि बेर्लिना. 'गोन्या' म्हणजे गुन्हेगाराच्या गळ्यात अडकवायचं लोखंडी कडं, 'बेर्लिना' म्हणजे त्याला लोकांसमोर उभं करायची जागा. 'मेत्तेरे आल्ला गोन्या', 'मेत्तेरे आल्ला बेर्लिना', दोन्हींचा आजचा अर्थ जाहीर बेअब्रू करणं. वर्तमानपत्रं आणि चॅनेलवाले एखाद्याच्या मागे लागले की 'गोन्या मेदियातिका' हा शब्द हमखास येतो. गंमत अशी की 'बेर्लिना' म्हणजे चार दारांची सेडान गाडीसुद्धा. ते नाव बर्लिन शहरावरून, आधी घोडागाडीला मिळालं आणि मग मोटारीला. ऑफिसच्या यंत्राने एका मंत्र्याची जाहीर बेअब्रू झाल्याची बातमी 'मंत्र्याला सेडानमध्ये बसवलं' अशी करून दिली होती. त्याच्या नशिबी निदान एसी तरी आला.

या शिक्षांबद्दल बाई बोलायला लागल्या की घड्याळाकडे बघू नये. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या बरीच वर्षं इटलीतल्या पादोव्हा शहरात राहिल्या आहेत. तिथल्या पालात्झो देल्ला राजोने या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत काळ्या दगडाचं एक बैठं आसन आहे, 'पिएत्रा देल वितुपेरियो', निंदेचा दगड. कर्ज फेडू न शकणाऱ्या माणसाला जन्माचा तुरुंग नको म्हणून 1231 साली संत अंतोनियोच्या रदबदलीने नियम बदलला. तुरुंगाऐवजी काय, तर त्याने अंगावरच्या सदऱ्या-चड्डीनिशी निदान शंभर माणसांसमोर त्या दगडावर तीनदा बसायचं, दर वेळी 'चेदो बोनिस' म्हणायचं, म्हणजे मी माझी मालमत्ता सोडली, आणि मग शहर सोडून जायचं. इटालियनमध्ये कफल्लक झालेला माणूस 'कापडी चड्डीवर राहिला' असं आजही म्हणतात आणि त्याचं मूळ या दगडाशी जोडतात. बाईंनी त्या दगडाचा फोटो फिरवला. दिसायला अगदी साधा, एखाद्या देवळाबाहेर चपला घालायला बसतो तसला. काका बराच वेळ फोटो धरून बसले. मग म्हणाले, "आमच्याकडे नादारीचा अर्ज देतात, पण शंभर माणसं जमवायची गरज पडत नाही, नातेवाईक पुरतात."

फ्लॉरेन्समध्ये तर गद्दारांची आणि दिवाळखोरांची चित्रंच सरकारी भिंतीवर काढून घेत. 1478 साली मेदिची घराण्याविरुद्ध कट करणाऱ्यांची चित्रं काढायचं काम बोत्तिचेल्लीला मिळालं होतं. आपल्याकडे तोंडाला काळं फासतात, गाढवावरून धिंड काढतात; तिथे चित्रकार लावला. बाईंचं म्हणणं, या सगळ्या क्रियापदांच्या मागे असा एक चौक उभा आहे आणि त्यात बघे आहेत. ते डोळ्यांसमोर आलं की गोन्या कुठे वापरायचं आणि कुठे नाही याबद्दल शंका राहत नाही. घरातल्या भांडणाला कोणी गोन्या म्हणत नाही.

मग 'शेम्ड हिम इंटू रिझाइनिंग' सारखी वाक्यं. इंग्रजी एका छोट्याशा शब्दयोगी अव्ययात निकाल लावून टाकतं: लाज काढली आणि त्यातून राजीनामा झाला, सगळं एका घासात. इटालियनला दोन क्रियापदं लागतात. इतकी लाज काढली की राजीनामा देणं भाग पडलं, 'आल पुन्तो दा', म्हणजे 'इथपर्यंत की'. मराठीतही आपण तसंच करतो, म्हणून आमच्यापैकी कोणी अडखळलं नाही. इंग्रजी माध्यमातला आर्किटेक्ट मुलगा मात्र अडखळला. त्याला बाई म्हणाल्या, "अरे, आजीला फोन करून गोष्ट सांगतोयस असं समज. तिला कसं सांगशील?" त्याने सांगितलं आणि वाक्य बसलं.

'रिन्फाच्चारे' हा माझा सगळ्यात आवडता. केलेले उपकार तोंडावर फेकणं, बोलून दाखवणं. 'फाच्चा' म्हणजे तोंड. यात समोरच्याला लाज वाटावी असाच हेतू असतो, पण वरून वाक्य अगदी साळसूद असतं: मी तुझी फी भरली, मी तुला नोकरी लावली. आमच्या नियमावलीत या प्रकाराला खणच नाही, कारण इंग्रजीत त्याला असं एक सुटसुटीत क्रियापद नाही. मी वरिष्ठांना तसं लिहून कळवलं. अजून उत्तर नाही.

शेवटच्या शनिवारी घाणेरडे शब्द. बाईंचं वय बघता मला वाटलं होतं की हे पान उलटतील, पण नाही. 'स्पुत्तानारे' हा शब्द त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला. वेश्येसाठीच्या अपशब्दापासून आलेला आहे, रोजच्या बोलण्यात सर्रास येतो, अर्थ कोणाची अब्रू चव्हाट्यावर आणणं. आणि हाच शब्द पैसे उधळायलाही चालतो: पगार मिळाल्या मिळाल्या 'स्पुत्तानारे' केला. काकांनी लगेच पकडलं, आपणही खिल्ली उडवतो आणि पैसेही उडवतो. कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे हा शब्द कमेंटमध्ये दिसला म्हणून ती कमेंट लाज काढणारीच असेल असं नाही; कधी कधी एखादा बिचारा स्वतःच्या रिकाम्या बँक खात्याबद्दल रडत असतो. आमच्या ऑफिसातला शब्दांचा फिल्टर या दोघांनाही पकडतो.

जाता जाता 'मोर्तिफिकारे'. दुसऱ्याला केलं तर पाणउतारा, पण 'सोनो मोर्तिफिकातो' म्हणजे 'मला फार वाईट वाटतंय, क्षमा करा'. हे बॅगांवाल्या काकांच्या कामाचं. गिऱ्हाईक असं लिहीत असेल तर ते घाबरायचं पत्र नाही, माल उशिरा उचलणार एवढाच त्याचा अर्थ.

आता तक्रारी.

मोठी तक्रार म्हणजे बाईंचं इटालियन छापील आहे. इंटरनेटवरची भाषा त्यांना नकोशी वाटते. 'ब्लास्तारे', म्हणजे ऑनलाइन एखाद्याला बोलून पार झोपवणं, हा इंग्रजीवरून बनवलेला शब्द. मी विचारला तर "असं कोणी म्हणत नाही" म्हणून पुढे गेल्या. म्हणतात हो, आमच्या रांगेत रोज म्हणतात. 'आस्फाल्तारे'चंही तेच. मूळ अर्थ रस्त्यावर डांबर घालणं, आजचा अर्थ वादात समोरच्याला सपाट करणं. आपल्याकडे 'धुतला' म्हणतात तसं. 'बुल्लित्झारे' त्यांनी कसाबसा मान्य केला. ज्यांना सोशल मीडियासाठी इटालियन हवंय त्यांनी या भागाची सोय दुसरीकडे करावी, इथे मिळणार नाही.

दुसरी तक्रार कायद्याची. एका पानाची झेरॉक्स दिली आणि दहा मिनिटांत उरकलं, हा भाग आणखी हवा होता. इटालियन दंडसंहितेत समोरासमोर केलेला अपमान आणि पाठीमागे लोकांत केलेली बदनामी हे दोन वेगळे गुन्हे होते. पहिला, कलम 594, 2016 साली फौजदारीतून काढला, आता तो दिवाणी दाव्याचा विषय. दुसरा, कलम 595, अजून गुन्हाच. म्हणजे बघायला कोण होतं आणि ज्याच्याबद्दल बोललं तो तिथे होता का, हे तिकडचा कायदाही विचारतो. आपल्याकडे बदनामीचं जुनं कलम जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 356 आलं. शिवाय अल्पवयीनांच्या ऑनलाइन छळासाठी इटलीचा 2017 चा 71 क्रमांकाचा कायदा आहे: चौदा वर्षांवरचं मूलसुद्धा स्वतः मजकूर काढायची मागणी करू शकतं, आणि ती 48 तासांत पुरी झाली नाही तर थेट माहिती-संरक्षण प्राधिकरणाकडे जाता येतं. आमच्यासारख्यांना हे क्रियापदांइतकंच लागतं. बाईंनी एखाद्या वकिलाला एका शनिवारी बोलवावं.

तिसरी, पंखा. एकच आहे आणि तो बाईंच्या डोक्यावर आहे. एप्रिल-मेच्या बॅचला जाऊ नका.

गृहपाठ मात्र त्या मनापासून तपासतात. लाल पेनने, समासात मराठीतून शेरा: "इथे बघे कुठायत?", "हा टोमणा झाला, पाणउतारा नव्हे", एकदा नुसतंच "अरेरे". नोट्स हाताने लिहिलेल्या आहेत, काही पानांची झेरॉक्स फिकट आहे, ती मागून बदलून घ्या. कोश कोणता घ्यावा हे त्या आपणहून सांगत नाहीत, विचारल्यावर सांगतात: इटालियन-इटालियन 'झिंगारेल्ली' घ्या, 1917 पासून चालत आलेला कोश आहे आणि दरवर्षी नवी आवृत्ती निघते, परवडत नसेल तर 'त्रेक्कानी' इंटरनेटवर फुकट बघता येतो. इंग्रजी-इटालियन कोश शेवटी उघडायचा. उलट्या क्रमाने करणाऱ्याची वही त्यांना बरोबर ओळखू येते.

पाचपैकी चार तारे. अर्धा 'ब्लास्तारे'साठी कापला, अर्धा पंख्यासाठी. पुढची बॅच गणपतीनंतर सुरू होते, आठच जागा असतात आणि माझ्या ऑफिसातल्या दोघींनी दोन धरून ठेवल्यात. फी रोख किंवा जीपे, पावती मागितली तर मिळते.